थोरलीचं तोंड

आमच्या घरात बाबांच्या दोन बायका होत्या, एक चुलीपाशी आणि एक तिच्या गळ्यात. चुलीपाशी असायची ती माझी आये. गळ्यात असायची ती थोरली, म्हणजे बाबांची पहिली बायको चंद्रभागा. मी जन्मायच्या कितीतरी आधीच ती वारली होती. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा, आणि त्यावर ठोकून उठवलेली बाई. दोन टिंबं म्हणजे डोळे, एक रेघ नाक, एक रेघ तोंड. सोनाराकडे त्याचा एकच ठसा असायचा, त्यामुळे आमच्या भागातल्या साऱ्या मेलेल्या पहिल्या बायका एकाच तोंडाच्या होत्या. लहानपणी मला याचं फार हसू यायचं. एकदा मी आयेला विचारलं, "ही थोरली आणि त्या वरच्या आळीतल्या काकूच्या गळ्यातली थोरली, दोघी बहिणी का गो?" तर पाठीत असा धपाटा बसला, की अजून आठवतो.

नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग अंगावर घ्यायचं. सणाला पुरणाचा पहिला घास टाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "घे गो थोरली." मग तो घास आयेनेच खायचा. सुकटीची चटणी असो नाहीतर नाचणीची भाकरी, काही चांगलं झालं की आये नकळत टाकावर बोट ठेवायची. धरणाचं काम तेव्हा चालू होतं आणि बाबा तिथेच कामाला होते. दुपारी सुरुंग उडाले की आमच्या फळीवरची भांडी थरथरून वाजायची. पहिला बार झाला की आये हातातलं काम टाकून टाक मुठीत धरायची. सगळे बार होऊन भांडी शांत झाली की मगच सोडायची. तिला वाटायचं, बाबांवर लक्ष ठेवायचं अर्धं काम थोरलीचं आहे.

मला मात्र ती बाई आवडायची नाही, स्पष्टच सांगते. आयेच्या कुशीत झोपलं की टाक गालाला रुतायचा आणि सकाळी माझ्या गालावर थोरलीचं तोंड उठलेलं असायचं. ताय, माझी मोठी बहीण, हसायची आणि म्हणायची, "आज माझी आय तुझ्याकं आली बघ." मला राग यायचा. आमची आये, आमचं घर, आणि सगळ्यात पहिला मान या दोन टिंबांच्या बाईचा! आता माझी साठी उलटली. त्या रागाचं मला नवल वाटत नाही, पण त्याने माझ्या हातून काय करवलं, तेच आज लिहायला बसले आहे.

ताय म्हणजे थोरलीची मुलगी, सुंदरा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई वारली तेव्हा ती रांगत होती आणि लगेच पुढच्या वर्षी माझी आये या घरात आली. तायने तिलाच आये म्हटलं, तिच्याच हातचा दूधभात खाल्ला, आणि पुढे मी झाल्यावर मला कमरेवर घेऊन साऱ्या गावभर मिरवलं. आमच्यात सावत्रपणा नव्हता असं लोक म्हणायचे. मी म्हणते, होता, पण तो टाकाएवढाच होता, आणि तो तायला बोचायचा नाही, मला बोचायचा.

तायचं लग्न ठरलं मुरबाडकडच्या एका गावात. पाहुणे बघायला आले त्या दिवशी ओटीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता विचारलं, "सावत्र आयेनं वाढवलेली ना ही? सख्ख्या आयचा एखादा फोटू-बिटू?" फोटो कुठला असणार! थोरलीच्या आयुष्यात कॅमेरा आलाच नाही. तिच्या माहेरीही कुणी उरलं नव्हतं, मावशीने वाढवलेली पोर होती ती, आणि मावशीही गेली होती. आमच्याकडे लग्नात हळदीच्या आधी घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावतात. ज्याचा फोटो आहे त्याचा फोटो मांडायचा, ज्याचा नाही त्याच्या नावाने तांदळाच्या राशीवर सुपारी ठेवायची. पाहुणे गेल्यावर ताय मागच्या पडवीत येऊन माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "सुपारीच्या पाया पडून मी सासरी जानार का गो? तू चित्रं काढतेस ना? मला माझी आय काढून दे."

मी चित्रं काढायची ही गोष्ट खरी. शहापूरच्या शाळेत आम्हाला चित्रकलेला कारेकर सर होते. मुंबईहून आलेले, उंच, खोकणारे, शर्टाच्या बाहीला कायम रंग लागलेला. त्यांच्या कपाटात एक जाडजूड पुस्तक होतं, एका फ्रेंच चित्रकाराचं. त्याचं नाव घ्यायला माझी जीभ आजही वळत नाही, म्हणून घेत नाही. त्यातली सफरचंदं आणि डोंगर मला फारसे भावले नाहीत, पण माणसांच्या चित्रांवरून मी हलायचीच नाही. त्या बाबाने स्वतःच्या बायकोला किती वेळा काढावं? पानं उलटत जावं तर पुन्हा तीच. लाल खुर्चीत तीच, झाडांपाशी तीच. मधोमध भांग, मांडीवर ठेवलेले हात, आणि एकाही चित्रात हसू नाही. मी सरांना विचारलं, "सर, ती आजारी होती का?" सर खोकत खोकत हसले. म्हणाले, "आजारी नव्हती, कंटाळली होती. तासन् तास बसवायचा तो तिला. जरा हलली की ओरडायचा."

मग त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. समोर माहुलीचा डोंगर होता. "हा कुणासारखा दिसतो असं विचारतेस का कधी? नाही ना? त्या माणसाने घराजवळचा डोंगर जसा काढला, तशीच बायको काढली. आधी उजेड कुठे पडतो ते बघ, सावली कुठे वळते ते बघ. ओळख पटवायची घाई करू नकोस, ती आपोआप येते." आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगायचे, जी मी एका कानाने ऐकली आणि दुसऱ्याने सोडून दिली. फसलेलं चित्र फाडायचं नाही, टाकून द्यायचं नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवायचं आणि वर्षाने बघायचं. पुढे मी स्वतः तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि एकूण एक पोरांना हे बजावलं. स्वतः मात्र पाळलं नव्हतं.

तायचा हट्ट मी सरांना सांगितला. त्यांनी मला हार्डबोर्डचा एक तुकडा आणि तैलरंगाच्या अर्ध्या पिळलेल्या ट्यूबा दिल्या. पण बघायचं कुणाकडे? गेलेल्या माणसाचा उजेड आणि सावली आणायची कुठून? मी गावात विचारत फिरले. एक म्हणाली, गोरी होती. दुसरी म्हणाली, कसली गोरी, माझ्यासारखीच होती. पाटलांच्या म्हातारीला फक्त तिचा आवाज आठवत होता, शेताच्या बांधावरून हाक मारायची तो. बाबांना विचारलं तर ते विडी पेटवत म्हणाले, "बरी होती." बस्स! तीन-चार वर्षं संसार केलेल्या बाईबद्दल दोन शब्द. मी चिडून म्हटलं, "बरी म्हणजे कशी? नाक कसं होतं?" तर उठून गोठ्यात गेले.

मग मी म्हटलं, लेक आईसारखी असणारच की. तायलाच समोर बसवलं आणि आधी कागदावर कोळशाने काढायला घेतलं. तिच्या चेहऱ्यात थोडं वय घातलं, डोक्यावर पदर घेतला, कपाळावर मोठं कुंकू काढलं, नाकाखालची सावली जराशी गडद केली. दोन दुपारी लागल्या. संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मी मोठ्या फुशारकीने कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांच्या हातात भाताचा घास होता. तो घास त्यांनी परत ताटात ठेवला, कागदाकडे बघत राहिले, आणि मग ताटावरून उठले. त्या वेळी मला वाटलं, चित्र इतकं वाईट झालंय की माणसाची भूक मेली. तायने कागद घेतला, इकडून तिकडून बघितला आणि तिचं तोंड उतरलं. "ही तं मीच हाय गो," ती म्हणाली. "म्हातारी झालेली मी. मला आय पायजे होती."

मला इतकी लाज वाटली! लाजेचा राग झाला आणि त्या रागातच मी तो कागद चुरगळला आणि चुलीत घातला. कोळशाने काढलेला कागद तो, भुर्रकन जळाला. आये भाकरी थापत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी आत्या तायला केळवणाला घेऊन गेली. आत्या म्हणजे बाबांची बहीण, मुरबाडच्या बाजूला दिलेली. ताय आठ दिवस घरात नसणार होती. मी पडवीत हार्डबोर्ड समोर घेऊन मख्खासारखी बसले होते. आये धान्य पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. "मी बसते," ती म्हणाली.

"कुठं बसतेस?"

"तुझ्यासमोर. माझ्यावरून काढ तिला."

मी म्हटलं, "तू तर तिला बघितलंसुद्धा नाहीस!"

"बघायला कशाला पायजे? इतकी वर्सं गल्यात हाय माझ्या. मी निजले का ती निजतंय, मी रडले का ती भिजतंय. तिचं तोंड कुनाला ठावं असंल तं मलाच." मग जरा थांबून म्हणाली, "पोर सुपारीच्या पाया पडंल, ते मला बघवनार नाय."

सुपाखालचा कोंडा झटकून ती भिंतीला टेकून बसली आणि तेव्हा मला कळलं, की माझ्या आयेला मी रिकाम्या हातांनी बसलेली जन्मात बघितली नव्हती. हात कुठे ठेवावेत हेच तिला कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, पदर सारखा केला, पुन्हा मांडीवर ठेवले. मग तिला आठवलं, की थोरलीच्या गळ्यात तर टाक असणार नाही. तिने दोन्ही हात मानेमागे नेले, दोरा सोडला आणि टाक काढला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. खाली ठेवायची तिची हिंमत होईना, म्हणून डाव्या मुठीत घट्ट धरला आणि ती मूठ मांडीवर ठेवली. गळ्यावर टाकाच्या जागी पांढुरका डाग पडला होता, तेवढी कातडी कोवळी राहिली होती. मी तो डाग काढला नाही, पण मूठ काढली.

सात दिवस ती रोज दुपारी बसली. पहिल्या दिवशी तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी सुरुंगाचा बार झाला तेव्हा ती दचकली आणि मूठ छातीशी नेली. मी त्या फ्रेंच माणसासारखी ओरडले, "हलू नको म्हटलं ना!" चौदा-पंधरा वर्षांची पोर मी, आणि आयेवर ओरडत होते. ती गुमान परत तशीच बसली. हळूहळू मला सरांचं म्हणणं डोळ्यांना दिसायला लागलं. तिच्या गालाचं हाड माहुलीच्या कड्यासारखं वळत होतं, डोळ्यांखाली निळसर सावली होती आणि ओठ मिटले की कोपऱ्यात एक तपकिरी रेघ उतरायची. आयेचा चेहरा मी इतक्या वर्षांत कधी असा बघितलाच नव्हता. आपण आईचा चेहरा बघतो का कधी? भूक लागली की तिचे हात बघतो. मी रंगवत गेले आणि थोरलीला विसरले. कुणाचं चित्र काढतेय हेच विसरले, खरं सांगायचं तर. की विसरले नव्हते? आता इतक्या वर्षांनी छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. त्या पहिल्या मानाच्या जागी एकदा तरी माझ्या आयेने बसावं असं मला आतून वाटत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

ताय परत आली त्या संध्याकाळी बाबाही घरी होते. मी हार्डबोर्ड ओटीवर भिंतीला टेकवून ठेवला. आये दाराच्या चौकटीला धरून उभी होती, टाक पुन्हा गळ्यात. ताय बघत राहिली. चित्रातली बाई हसत नव्हती, डोक्यावर पदर होता, एक हात उघडा आणि एक मिटलेला. तायने बाबांकडे बघितलं. साऱ्या घरात तेवढा एकच माणूस असा होता, ज्याने दोघींनाही बघितलं होतं. बाबा चित्राकडे बघत होते, मग त्यांनी मान वळवून आयेकडे बघितलं. आता हे म्हणणार, अरे ही तर आपलीच. मग तायचं काय, लग्नाचं काय!

"हीच गो ती," बाबा तायला म्हणाले. "अशीच होती."

ताय हमसून हमसून रडली. चित्राच्या पायांपाशी डोकं टेकलं. "आन मुठीत काय हाय?" तिने मला विचारलं. दारातून आये म्हणाली, "तुझ्यासाठी खाऊ असंल," आणि आत गेली. चुलीवर डाळ होती, ती ढवळल्याचा आवाज मला ऐकू येत राहिला, कितीतरी वेळ. डाळ इतकी ढवळायची नसते.

त्या रात्री काय आणि पुढे काय, घरात त्यावर कुणी बोललं नाही. मला वाटत राहिलं, बाबांनी असं का म्हणावं? त्यांना खरंच आयेचं तोंड ओळखू आलं नाही का? जिच्याबरोबर बावीस-तेवीस वर्षं संसार केला, तिला ते चित्रात ओळखेनात, ही कसली माया? मी बाबांशी चार दिवस धड बोलले नाही.

हळदीच्या दिवशी चित्र पाटावर मांडलं. शहापूरहून झेंडूचे हार आणले होते. थोरलीची पूजा करायचा मान दुसरीचा, म्हणजे आयेचा. ती पुढे झाली, स्वतःच्याच रंगवलेल्या कपाळाला तिने हळदकुंकू लावलं, स्वतःलाच अक्षता वाहिल्या, नमस्कार केला. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. मग तायने हार घातला. रंग अजून पुरता वाळला नव्हता हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मला तरी कुठे भान होतं? हार गळ्यापाशी चिकटला आणि सरळ करायला गेल्यावर एक पाकळी तिथेच राहिली, नेमकी टाकाच्या जागी. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी आवळलं. आत्या होती. तिने मला माजघरात ओढलं.

"कुनाचं तोंड हाय ते?" तिचे डोळे पांढरे झाले होते. "माझी भावजय मला ठावं नाय का? जित्या बाईला हार घातलास तू? जितीला? मेली म्हंजे?"

हार मेलेल्या माणसाच्या चित्राला घालतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण चित्र काढताना ते थोरलीचं होतं आणि हार घालताना ते आयेचं झालं होतं, आणि मधल्या वेळात माझं डोकं कुठे गेलं होतं देव जाणे. मी रडायलाच लागले, म्हटलं, बाहेर जाऊन सांगते, हार काढते. दारात आये उभी राहिली. तिने आधी आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तोंड उघडशील तं याद राख," ती मला म्हणाली. "पोरीला आज आय भेटली हाय. मला काय हुतंय? मी कुठं मरतंय?" आणि आत्याला म्हणाली, "वन्स, तुमी बी. भावाच्या लेकीचं लगीन हाय." आत्याने पदराने तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन हळदीची गाणी म्हणायला बसली. आवाज मात्र लागत नव्हता.

ताय चित्र घेऊन सासरी गेली आणि मी घाबरून जगायला लागले. आये खोकली की मला घाम फुटायचा. तिला ताप आला, की मी शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी पळायची. सुरुंग उडाले की आता मीच भांड्यांकडे बघत उभी राहायची. मुरबाडकडे तायच्या घरी दर अमावास्येला त्या चित्राला हार पडत होता, तिच्या पोरांना "ही तुमची आजी" म्हणून पाया पडायला लावत होते, आणि इथे माझी आये शेण सारवत होती. कुणाला सांगणार? सरांना सांगितलं एकदा. ते गंभीर झाले, पण म्हणाले, "चित्र चांगलं झालं असणार." मला असा संताप आला त्यांचा! पुढे कित्येक महिने मी ब्रश हातात धरला नाही.

आयेला काही झालं नाही. चांगली ऐंशीच्या पुढे गेली. पण एक गोष्ट तिने पाळली, आयुष्यात कधी फोटो काढू दिला नाही. माझ्या लग्नात फोटोवाल्याला पाठ केली. पुढे ती माझ्याकडे राहायला आली, घरोघरी मोबाइल आले, माझी सून हसत हसत समोर धरायची, तर ही हात आडवा करून म्हणायची, "माझं एकदा काढून झालंय." सुनेला वाटायचं, म्हातारी लाजते. मला उत्तर ठाऊक होतं आणि मी गप्प बसायची. मागच्या वर्षी माघात ती गेली तेव्हा घरात तिचा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. त्यात तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, पाण्यात बुडता बुडता काढल्यासारखा. तो मोठा करून आणला तर धड माणूसही ओळखू येईना. मी चित्रकलेची बाई, जिल्हाभर पोरांना चेहरे काढायला शिकवले, आणि माझ्या आयेच्या बाराव्याला भिंतीवर लावायला चेहरा नव्हता.

बाराव्याच्या आदल्या दिवशी ताय आली, मुलाच्या जीपमधून. आता तिलाही धड चालवत नाही. मुलाने गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी आणून ठेवलं आणि तिने त्याला बाहेर पाठवलं. गोधडी सोडली. काचेमागे माझी आये बसली होती, डावी मूठ मांडीवर, गळ्यापाशी पाकळीचा काळपट डाग.

"ही घे तुझी आये. लाव भिंतीवर," ताय म्हणाली. "आता लावायला हरकत नाय."

मी म्हटलं, "ताय, ही तर तुझी..."

"गप बस. म्हातारी झालीस तरी खोटं बोलतेस. हार घालतानाच वलखली मी. जे तोंड मला दूधभात भरवायचं ते वलखनार नाय का?"

इतकी वर्षं मी कुणाला घाबरत होते? "मग बोलली का नाहीस गो?"

"काय बोलू? मला पायजे ती आय त्येच तोंडाची होती. दुसऱ्या तोंडाची मला आठवतेय कुठं? ती पाटावरनं बघत होती आन तीच बाजूला माझ्या पदराला गाठ मारत होती. मी दोनी घेतल्या." तिने काचेवरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "बाबांचं एक तुला सांगायचं राहिलं. शेवटाला ते माझ्याकं होते ना, तवा बोलले. 'धाकटीनं पयलं चित्र चुलीत घातलं ते बरं नाय केलं. ती होती त्यात. मला घास गिलवला नाय.' मी इचारलं, मंग दुसऱ्याला हीच का बोललात? तं बोलले, 'तुजी आये दारात उभी होती. तिनं आपलं तोंड काढून दिलेलं. नाय कसं बोलू?'"

म्हणजे बाबांनी ओळखलं होतं. दोघींनाही ओळखलं होतं. आणि थोरली या जगात पुन्हा एकदा, दोन दुपारींपुरती आली होती, माझ्या हातून आली होती, आणि मीच तिला चुरगळून जाळली. साऱ्या जन्मात मी तिचा राग केला तो त्या दोन टिंबांसाठी. खरं तोंड समोर आलं तर मला ते फसलेलं चित्र वाटलं. मी तायसमोर लहान पोरीसारखी रडले. ती काही माझी समजूत काढायला आली नाही, रडू दिलं तिने मला.

सून चहा घेऊन आली, तिने सगळं ऐकलं असावं. म्हणाली, "ताईमावशी, तुमचा फोटो मोबाइलमध्ये घातला ना, तर तुमच्या आईचा चेहरा करून देतात आता. एका मिनिटात." ताय तिच्याकडे बघून नुसती हसली.

मी उठून देवघरात गेले. आयेच्या गळ्यातून काढून ठेवलेला टाक तिथे होता. तो आणून तायच्या हातात दिला. तिने तो कधी हातात घेतला नव्हता. उलटसुलट करून बघितला, त्या दोन टिंबांवरून अंगठा फिरवला. मग भिंतीला टेकून बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि टाक डाव्या मुठीत मिटून मूठ मांडीवर ठेवली.

"माझी भिंत आता रिकामी झाली," ती म्हणाली. "मी बसते. माझ्यातच असंल ती कुठंतरी."

तिच्या कपाळावर खिडकीतला उजेड पडला होता. मी कागद काढला, कोळसा शोधला. पहिली रेघ ओढणार तोच ताय म्हणाली, "ऐक गो. फसली तरी जालू नको."